धंदेवाल्याच्या घराचा हिशेब: मालकाचा पगार, वेळ, तब्येत आणि घरच्यांच्या सह्या

हिशेबवही

पुण्यात नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करणाऱ्यांचे प्रश्न या मंचावर सारखे येतात. परवाना कुठला, जीएसटी कधी, कर्ज कसं मिळेल, याची उत्तरं मिळतातही. पण धंद्यापायी घराला काय मोजावं लागतं यावर बोलणं निघालं की 'सकाळी लवकर उठा, फोन बाजूला ठेवा' याच्या पुढे गाडी जात नाही. म्हणून हा धागा. ज्यांना आपापल्या कामातलं बारीकसारीक ठाऊक आहे त्यांनी आकडे आणि पद्धत लिहावी ही विनंती. अनुभवकथनाचे धागे वेगळे आहेत.

सुरुवात मालकाच्या पगारापासून करतो.

बहुतेक प्रोप्रायटर (एकट्याच्या मालकीचा धंदा चालवणारे) लागतील तसे पैसे उचलतात. कधी दहा हजार, कधी थेट चालू खात्यातून किराणा. घराला कळत नाही महिन्याला किती येणार, आणि धंद्याला कळत नाही मालक केवढ्याला पडतो. वर्षअखेरीला नफा दिसतो, पण त्यात मालकाची मजुरी धरलेलीच नसते.

रक्कम अशी काढा. घरच्या खात्याची गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंट घ्या. किराणा, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स, हप्ते हे दरमहाचे. मग वर्षातून एकदोनदा येणारे: शाळेची फी, विम्याचा हप्ता, मालमत्ता कर, दिवाळी, गावी जाणं, नात्यातलं लग्नकार्य. सगळ्याची बेरीज भागिले बारा. लोक हा दुसरा गट विसरतात आणि जूनमध्ये फी भरायची वेळ आली की धंद्याच्या पैशांत हात घालतात. आलेली रक्कम दरमहा ठरल्या तारखेला घरच्या बचत खात्यात आपोआप जाईल अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बँकेला द्या. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) ७ तारखेपर्यंत, पीएफ १५ पर्यंत आणि जीएसटीचं ३बी विवरणपत्र २० पर्यंत असतं, म्हणून घरच्यासाठी २५ तारीख बरी पडते. सलग तीन महिने ही रक्कम निघाली नाही तर धंदा तोट्यात आहे असंच धरा, टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, काहीही दिसो.

भागीदारी फर्मवाल्यांनी एक लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराचं मानधन, व्याज, कमिशन मिळून वर्षाला २०,००० रुपयांच्या वर गेलं की फर्मला १०% टीडीएस कापावा लागतो. घरात सांगताना कापून हातात येणारी रक्कम सांगा.

शिवाय सहा महिन्यांचा घरखर्च मुदत ठेवीत हवा, आणि तो कर्ज असलेल्या बँकेत नको. कर्ज थकलं तर आपल्याच बँकेतली तुमची ठेव वळती करून घ्यायचा हक्क बँकेला असतो. ठेव दुसऱ्या बँकेत, दोघांच्या नावावर.

उधारीचा_पाढा

हिशेबवही, पगाराचं पटलं. पण तो का निघत नाही याचं मूळ ग्राहकांकडून येणाऱ्या पैशांत आहे, म्हणून आकड्यांत लिहिते.

समजा महिन्याची विक्री ८ लाख. ठरलं ४५ दिवसांत द्यायचं, म्हणजे कायम १२ लाख बाहेर. प्रत्यक्षात पैसे ९० दिवसांनी येतात, म्हणजे बाहेर २४ लाख. वरचे १२ लाख कॅश क्रेडिटमधून (बँकेनं ठरवलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज) ११ टक्क्यांनी वापरले तर वर्षाचं व्याज १,३२,०००, महिना ११,०००. हे ११,००० ग्राहक भरत नाही, ते घरखर्चातून जातात. त्यात जीएसटी बिल फाडल्यावर लागतो, पैसे आल्यावर नाही. ८ लाखांवर १८% म्हणजे १,४४,०००. खरेदीवरचं क्रेडिट वजा जाता उरेल ते पुढच्या महिन्याच्या २० तारखेला स्वतःच्या खिशातून. उशीर झाला तर १८% व्याज आणि विलंब शुल्क. १८-१९ तारखेला घरात चिडचिड होते ती यामुळे.

कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. हा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायदा २००६. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यात १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) या तरतुदीनं आकारणी वर्ष २०२४-२५ पासून खरेदीदाराला चाप लावला: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्याला प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच वजावटीला मिळतो. मात्र हे उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. निव्वळ व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मिळाली तरी हा फायदा नाही, आणि मध्यम उद्योगालाही नाही.

चुकतं कुठे, तर कागदांत. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला नसतो. डिलिव्हरी चलनावर शिक्का असतो पण तारीख नसते, आणि दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून. पर्चेस ऑर्डरवर 'पेमेंट: ॲज पर टर्म्स' एवढंच असतं. या तीन गोष्टी आधी दुरुस्त करा. मग दर सोमवारी अर्धा तास येण्याची यादी: ३० दिवसांच्या आतले, ३० ते ४५, ४५ च्या पुढचे. तिसाव्या दिवशी खातेउतारा मेलवर, चाळिसाव्या दिवशी फोन. फोन पर्चेसवाल्याला नको, अकाउंट्सवाल्याला करा. पर्चेसच्या माणसाला पुढची ऑर्डर द्यायची असते, तो गोड बोलतो आणि विसरतो. शेहेचाळिसाव्या दिवशी लेखी पत्र, आणि फेब्रुवारीत आयकराच्या या तरतुदीचा उल्लेख असलेलं एक पत्र सगळ्या जुन्या येण्यांसाठी. लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज हा शेवटचा उपाय. तिथला निकाल खरेदीदाराला कोर्टात उलटवायचा असेल तर त्याला आधी ७५% रक्कम भरावी लागते, म्हणून अर्ज गेल्यावर तडजोडीला बऱ्याच जणांची तयारी होते.

निम्म्याहून जास्त विक्री एकाच ग्राहकाला असेल तर यातलं काहीच करायची हिंमत होत नाही. तिथे आधी दुसरा ग्राहक शोधायला हवा, पत्र नंतर.

कर्वेनगरकर

वाचनखूण साठवली. एक शंका: सॉफ्टवेअरची छोटी सेवा देणाऱ्यांचे ग्राहक अमेरिकेत असतात. त्यांच्या कॉलमुळे संध्याकाळ जाते, त्याचं काय करायचं?

लेथ_ते_सीएनसी

कर्वेनगरकर, न्यूयॉर्कच्या आपण उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा. त्यांच्या सकाळी ९ ते ११ ची खिडकी धरली तर आपले उन्हाळ्यात ६:३० ते ८:३०, हिवाळ्यात ७:३० ते ९:३०. त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकतात, त्या दोन्ही आठवड्यांत कॉलच्या वेळा नव्यानं लेखी ठरवा. वेळ करारात लिहिलेली नसली की नोव्हेंबरनंतर जेवणाची वेळ गेलीच म्हणून समजा. कॅलिफोर्निया आणखी तीन तास मागे. तिथल्या ग्राहकाला आठवड्यातून दोनच दिवस द्या आणि बाकी लेखी अहवालावर भागवा.

आता कारखान्याचं. भोसरी, चाकण, तळेगावात रात्रपाळी चालवणाऱ्या मालकाला रात्री नऊनंतर फोन का येतात, ते महिनाभर एका वहीत लिहून पाहा: वेळ, कोणी केला, कशासाठी. लहान जॉबशॉपमध्ये (दुसऱ्यांच्या ऑर्डरीचे सुटे भाग करून देणारा कारखाना) कारणं साधारण ठरलेली असतात. इन्सर्ट (हत्याराचं बदलायचं कापणारं टोक) संपला. पहिल्या पीसवर सही नाही म्हणून मशीन उभं. गाडी आली पण ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद) निघत नाही. माप बसत नाही आणि ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली मापाची दुरुस्ती) कोणी बदलला ते कळत नाही. एखादा कामगार आला नाही.

यातलं प्रत्येक कारण कुलूप लावण्याआधीच्या वीस मिनिटांत निकाली निघतं. प्रत्येक मशीनला प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद लटकवायचा. त्यावर जॉबचं नाव, ड्रॉइंगची रिव्हिजन, प्रोग्राम नंबर, रात्रीत किती नग, कोणत्या टूलचा इन्सर्ट किती नगांनंतर फिरवायचा, कोणतं माप दर किती नगांना तपासायचं. त्याखाली एक चौकट: 'ऑफसेट बदलला: किती, किती वाजता, सही'. इन्सर्टच्या डब्यात रात्रीच्या गरजेच्या दीडपट माल मोजून ठेवायचा आणि डब्याची किल्ली ऑपरेटरकडे. चोरीच्या भीतीनं किल्ली मालकाच्या खिशात राहते, आणि मग फोनही मालकालाच येतो. वापरलेला इन्सर्ट जमा केल्याशिवाय नवा नाही, एवढा नियम पुरतो. कूलंटची (मशीन थंड ठेवणारं द्रव) पातळी आणि त्याचा दाटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचं रीडिंग त्याच कागदावर. पहिल्या पीसची सही सुपरवायझरला द्या आणि कोणत्या मापापर्यंत तो स्वतः ठरवू शकतो ते आकड्यात लिहा. 'तूच बघ' म्हटल्यानं जबाबदारी सरकत नाही. 'या व्यासात ०.०२ मिमीपर्यंत तू ठरव, त्यापुढे मशीन थांबव आणि सकाळी बोलू' असं लिहिलं की सरकते.

दुसरा अडसर ओटीपीचा. ई-वे पोर्टलवर सब-यूजर तयार करता येतो, तो डिस्पॅचवाल्याच्या नावानं करा. बँकेत एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं मंजुरी द्यायची अशी दोन यूजरची सोय घ्या आणि रोजची मर्यादा ठरवा. सगळे ओटीपी मालकाच्या एकाच मोबाइलवर येत असतील तर मालक कोकणात चार दिवस गेला तरी कारखाना खिशात घेऊनच जातो.

फोनमध्ये रात्री साडेनऊनंतर 'डू नॉट डिस्टर्ब' लावून 'रिपीट कॉलर्स' चालू ठेवा. अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत, आयफोनवर तीन मिनिटांत त्याच नंबरवरून दुसऱ्यांदा फोन आला तरच वाजतो. सुपरवायझरला सांगून ठेवा: आग, अपघात, वीज यासाठी लागोपाठ दोनदा लाव, बाकीचं मेसेजवर.

सिंहगड_रोड

इथे थोडं वेगळं मत मांडतो. पहिली दोन-तीन वर्षं हे काही जमत नाही. माणसं ठेवायला पैसे नसतात, सुपरवायझरच नसतो तर किल्ली कुणाला देणार? त्या काळात समतोलाची अपेक्षा ठेवली की धंदाही होत नाही आणि अपराधीपणा मात्र वाढतो. सुरुवातीचं ओझं घरानं जाणून उचलायचं असतं.

हिशेबवही

'जाणून' हाच कळीचा शब्द आहे. घराला सांगितलेलं असतं 'थोडे दिवस कळ काढा'. थोडे म्हणजे किती ते कुठेच लिहिलेलं नसतं. सुरू करतानाच एका कागदावर तीन गोष्टी लिहा आणि घरातल्या मोठ्या माणसांनी वाचाव्यात: अमुक तारखेपर्यंत, घरातले जास्तीत जास्त इतके रुपये, आणि कशाला हात लावायचा नाही. उदाहरणार्थ, राहतं घर, मुलांच्या शिक्षणाची रक्कम, बायकोचे दागिने. त्या तारखेला बसून ठरवायचं: पुढे चालवायचं, लहान करायचं की बंद करायचं. तारीख पुढे ढकलायची तर एकट्यानं नाही, दोघांनी मिळून.

आणि सुट्टीचं एक खास आपल्याकडचं. पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, शाळा मात्र रविवारी बंद. वर्षाचे ५२ रविवार मालक कारखान्यात आणि मुलं घरी. गुरुवार मालकाला मोकळा मिळतो खरा, पण तेव्हा घरात कोणी नसतं, मग तोही मेंटेनन्समध्ये जातो. महिन्यातले दोन रविवार दुपारी एकनंतर कारखाना सुपरवायझरवर सोडणं, एवढी मागणी घरानं लावून धरली तरी पुष्कळ.

नाडीपरीक्षा

सिंहगड_रोड, तीन वर्षं जमत नाही हे समजू शकते, पण शरीर तीन वर्षं थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०२१ साली मांडलेल्या अभ्यासात, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजारानं मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. धंदेवाल्यांचे ५५ तास शुक्रवारीच भरतात.

म्हणून निदान मोजमाप तरी ठेवा. दंडाला बांधायचं डिजिटल बीपी मशीन घ्या, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा, सिगरेट नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. एक मिनिटाच्या अंतरानं दोन वेळा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरकडे जा. दुकानात उभ्या उभ्या, फोनवर बोलता बोलता घेतलेलं रीडिंग काही कामाचं नाही. चाळिशीनंतर, आणि घरात मधुमेह असेल तर आधीच, वर्षातून एकदा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी). ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह.

मनाचंही तसंच. दोन आठवडे किंवा जास्त काळ रोज मन खिन्न, कशातच रस नाही, पहाटे तीनला जाग येऊन हिशेब सुरू, जेवण तुटलेलं किंवा दारू वाढलेली, असं दिसलं तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. 'टेलिमानस' ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. घरच्यांनी फोन केला तरी चालतो. 'मी नसलो तर कर्ज तरी फिटेल' अशा वळणाचं बोलणं कानावर पडलं तर त्याच दिवशी माणसाला एकटं न सोडता डॉक्टरकडे न्या.

आरोग्य विम्याबद्दल थोडंच. नोकरी सोडायच्या आधी कंपनीच्या गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची विचारणा करा, म्हणजे आधीचा प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. राजीनाम्यानंतर नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही.

मीठमिरची

घरातूनच पदार्थ करून विकणाऱ्या बायकांचं इथे कोणी लिहिलं नाही. तिथे कारखाना आणि घर एकाच ओट्यावर असतं, म्हणून वेगळं लिहिते.

पहिली चूक मजुरी न धरण्याची. घड्याळ लावून मोजा: एक किलो चकलीला भाजणी भिजवण्यापासून गार करून पाकीट बंद करेपर्यंत किती मिनिटं. सामान आणताना गेलेला वेळ, भांडी, फोनवर ऑर्डर घेणं हेही त्यात. त्या तासांना घरात स्वयंपाकाला बाई ठेवली तर जो दर द्याल तो लावा. मग भाव ठरवा. बहुतेकींचा भाव तेल, भाजणी, गॅस यांच्या वर जेमतेम निघतो आणि मजुरी शून्यावर राहते. घरात मग 'तुझा छंद' म्हटलं जातं, आणि मदतीला कोणी येत नाही.

दुसरी, वेळेची सीमा. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधी बंद, निम्मे पैसे आगाऊ, आगाऊ आल्याशिवाय वहीत नाव नाही. रोज किती किलो तळून होतं ते आधी दोन दिवस करून बघा, मग तळायला हातात असलेले दिवस गुणिले तेवढे किलो, त्यातून एक दिवस आजारपणाला वजा. तेवढीच ऑर्डर. शेजारच्या काकूंनी आयत्या वेळी मागितलं तरी नाही म्हणायचं.

धंद्याला घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर चालत नाही, व्यावसायिक १९ किलोचा घ्या. एफएसएसएआयची (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी करून तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापा. ओट्याचा एक भाग, दोन कढया आणि एक कपाट फक्त धंद्याचं. घरच्या डब्यातलं तेल संपलं म्हणून धंद्याच्या डब्यातून घेतलं की महिनाअखेरीला काहीच जुळत नाही.

जामीनकी

सह्यांबद्दल लिहायचं राहिलं होतं.

प्रोप्रायटरशिपमध्ये धंद्याचं कर्ज आणि मालकाचं कर्ज एकच. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेडनं जबाबदारी मर्यादित होते, पण बँक वैयक्तिक हमी घेते तिथे त्या कर्जासाठी ती मर्यादा उरत नाही. करार कायदा १८७२, कलम १२८: जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. बँक आधी कर्जदाराच्या मागे लागेल आणि मग जामीनदाराकडे येईल, हा समज चुकीचा आहे. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात धरलं जातं. घर तारण असेल तर सरफेसी कायद्याखाली (यात बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेता येतं) ६० दिवसांची नोटीस.

म्हणून बायको, आई, भाऊ कोणीही सही करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. मी सहकर्जदार की जामीनदार? हमी एका रकमेपुरती की मर्यादा वाढली तरी चालू राहणारी? माझ्या नावावरची कोणती मालमत्ता यात आहे? कागदाची प्रत घरात ठेवा. लहान उद्योगासाठी सीजीटीएमएसईची (विनातारण कर्जाला हमी देणारा सरकारी ट्रस्ट) हमी मिळते का, हे तारण देण्याआधी विचारा.

वाचवून ठेवायच्या गोष्टी: टर्म विमा घेताना प्रस्तावासोबतच विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा १८७४ खालचा फॉर्म भरा. मग ती रक्कम बायको-मुलांसाठी विश्वस्त स्वरूपात राहते, धनकोंना मिळत नाही. पॉलिसी निघाल्यावर हे करता येत नाही आणि नंतर लाभार्थी बदलता येत नाहीत, म्हणून विचार करून. पीपीएफमधली रक्कम खाजगी कर्जापोटी कोर्टाला जप्त करता येत नाही, आयकराच्या थकबाकीला मात्र ते संरक्षण धरू नका. आणि प्रोप्रायटरच्या चालू खात्यालाही वारसनोंद (नॉमिनेशन) होते, ती बहुतेकांनी केलेली नसते.

कर्वेनगरकर

जामीनकी, आणि सही आधीच झालेली असेल तर?

जामीनकी

तर आधी प्रत मागा, बँक देते. चालू हमी असेल तर कलम १३० खाली पुढच्या उचलीपुरती ती लेखी नोटिशीनं मागे घेता येते, पण बँकेच्या मसुद्यात हा हक्क सोडून दिल्याचं कलम असू शकतं, ते वकिलाकडून वाचून घ्या. आधी उचललेल्या रकमेची जबाबदारी राहतेच, आणि नोटीस गेल्यावर बँक मर्यादा गोठवू शकते, म्हणून धंदा चालवणाऱ्याशी बोलल्याशिवाय पाठवू नका. त्यापेक्षा सोपी वेळ म्हणजे कॅश क्रेडिटचं वार्षिक नूतनीकरण. त्याच्या दोन महिने आधी बँकेला लेखी विचारा की जामीनदार कमी करण्यासाठी काय लागेल. उलाढाल वाढली असेल, खातं वर्षभर नियमित असेल, तर अशी मागणी विचारात घेतली जाते. मिळालं तर मुक्त केल्याचं पत्र घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी सिबिल काढून ती हमी तिथून गेली का ते बघा.